बुधवारी न गळणारी गाडी

५ फेब्रुवारी, गुरुवार

दोन मिलिमीटर!

काल सकाळी सात वाजता गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, टाकीवरच्या वरच्या रेघेला बरोबर टेकलेलं होतं. आज सकाळी सातला रेघेच्या दोन मिलिमीटर खाली. टोपण उघडून स्टीलची पट्टी आत सरळ उभी धरली, बाहेर काढली, पुसली, पुन्हा बुडवली. तीनदा. दोन म्हणजे दोनच.

गाडी रविवारी जावईबापूंच्या गॅरेजमधून घरी आली. इंजिनाचं हेड उतरवलं, त्याखालचा जोड घट्ट बंद ठेवणारं जळलेलं गॅस्केट बदललं, सगळं परत चढवलं. किल्ली देताना म्हणाले, 'बाबा, रोज वीसेक किलोमीटर सावकाश फिरवा. आणि कूलंटवर जरा लक्ष असू द्या.'

जरा लक्ष! हे कोणाला सांगतायत? बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो मी. बाजारात मला 'थेंबसाहेब' म्हणायचे — मापात एक थेंब कमी भरला तरी दुकानदाराला उभा धरायचो म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, थेंब काही सुटला नाही. जित्याची खोड.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आणखी दोन. हिला सांगितलं.

'दोन मिलिमीटर म्हणजे केवढं हो?'

चिमटीत धरून दाखवलं.

'एवढंच ना!' म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. छत्तीस वर्षं माझ्याबरोबर राहूनही मापाचा संस्कार शून्य.

७ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा दोन. पण जातंय कुठे? गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली होती — कोरडी. पाइप कोरडे. रेडिएटर कोरडा. मागून पांढरा धूर नाही. कूलंट ऑइलमध्ये मिसळत असेल तर ऑइलच्या टोपणाखाली सायीसारखं जमतं, असं मोबाइलवर वाचलं. टोपण उघडलं. साय नाही. मी मात्र कोपरापर्यंत काळा. ही दारातूनच म्हणाली, 'ह्या अवतारात आत येऊ नका.'

खरं सांगायचं तर — आणि इथे नाही तर कुठे सांगणार — गॅस्केट जळलं ते माझ्यामुळे. महिन्यापूर्वी हिला घेऊन येत होतो, तेव्हा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. ही म्हणालीसुद्धा, 'अहो, ते लाल काहीतरी दिसतंय.' मी म्हटलं, 'काटा बिघडलाय.' जन्मभर लोकांची खोटी मापं पकडली. गाडीनं एकदा खरं माप दाखवलं, तर तेवढंच नेमकं मला खोटं वाटलं! आणखी सात किलोमीटर चालवली. मग बॉनेटखालून वाफ. मी उतरलो आणि बॉनेटला जाब विचारावा तसा कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. बॉनेटनं उत्तर दिलं नाही.

गाडी कुठे द्यायची? ही म्हणाली, 'घरात मेकॅनिक असताना हा काय प्रश्न झाला?'

घरात! चार वर्षांपूर्वी लेक म्हणाली होती, 'बाबा, मी ह्याच्याशी लग्न करणार आहे.' तेव्हा मी एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही. त्यात ग्रीस हा शब्द होता. लग्न झालं, आणि दीड वर्ष लेकीनं ह्या घराची पायरी चढली नाही. हिचं मनगट मोडलं तेव्हा आली. मग हळूहळू दोघं रविवारी यायला लागली. बाराला येतात, जेवतात, चारचा चहा घेऊन जातात. आठवड्यातले सहा दिवस मी त्या चार तासांची वाट बघतो, हे ह्या वहीखेरीज कोणाला माहीत नाही.

गाडी त्यांच्या हवाली केली, तेव्हा लेक माझ्याकडे बघत राहिली होती. चार वर्षांत मी जावयाला विश्वासानं दिलेली ती पहिलीच वस्तू. अर्थात देताना अट घातलीच — 'एक तारीख म्हणजे एक तारीख.' विश्वासालासुद्धा मुदत लावली मी.

आणि आता ती गळतेय. बोललो तर लेक दुरावेल. गप्प बसलो तर इंजिन जाईल.

८ फेब्रुवारी, रविवार

दोघं आली. जेवणं होईपर्यंत दम धरला! मग अगदी सहज म्हटलं, 'जावईबापू, कूलंट रोज दोन मिलिमीटर कमी होतंय.' इतकं सहज, की सोबत तारीखवार तक्ता पुढे केला. लेकीनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी तक्त्यावरचा हात काढून पाण्याच्या भांड्यावर ठेवला.

जावईबापू उठले. बॉनेट उघडलं. इंजिनाच्या पाठीमागे हात घालून चाचपलं, बोट बाहेर काढून बघितलं, पॅंटला पुसलं.

'काय आहे?'

'काही नाही, बाबा. नवीन काम आहे. आत हवा अडकलेली असते, ती निघत असेल. पंधरा दिवस बघू.'

बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. गल्ल्यामागे उभी राहून नजर चुकवणारी माणसं मी आयुष्यभर बघितली आहेत. नजर चुकवणारा मला पाठमोरासुद्धा ओळखता येतो. पण हा लेकीचा नवरा.

वर भरायला कूलंटची बाटली आणली होती त्यांनी. मी हातच आडवा घातला. 'अजिबात नको! पातळी अजून खालच्या रेघेच्या बरीच वर आहे. मधेच भर घातली तर आकडे बिघडतात.' मग बाटली तशीच घेऊन हात धुवायला आत गेले, ते दहा मिनिटं स्वयंपाकघरातच. सासूशी फार जमतं त्यांचं. माझ्याशी बोलायचं म्हणजे घशात काटा अडकल्यासारखं करतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पद्धत पक्की केली. सकाळी सातला गार इंजिन. संध्याकाळी पुलापर्यंत फेरी मारून आलो की पंधरा मिनिटं थांबायचं, टोपणावर फडकं टाकायचं आणि हळूच फिरवायचं. फुस्स! वाफेचा लोट तोंडावर. चष्मा पुसायचा. मग पट्टी. मग नोंद. नोंदीसाठी वेगळी वही केली, रकाने आखले, शेवटचा रकाना 'शेरा'.

ही म्हणाली, 'माझं बीपी इतक्या वेळा बघितलंत का कधी?'

शेरा: नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

शून्य!

पट्टी उलटी धरली की काय म्हणून पुन्हा बुडवली. कालच्याइतकंच कूलंट. केसभरही कमी नाही. म्हणजे हवाच होती. ती निघाली, प्रश्न मिटला. जावईबापूंना मनातल्या मनात केवढं बोललो होतो! आपल्याला स्वतःची लाज वाटते तेव्हा भूक चांगली लागते, असा अनुभव आहे. एक पोळी जास्त खाल्ली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दोन. हवा कसली, डोंबल!

१५ फेब्रुवारी, रविवार

गुरुवारी दोन, शुक्रवारी दोन, शनिवारी दोन. आज — शून्य.

लेक एकटीच आली. 'त्याला कुठलासा पार्ट बघायला जायचं होतं.' रविवारी कुठला पार्ट? हे मी मनात म्हटलं. चेहऱ्यावर आलं असावं, कारण ती म्हणाली, 'खरंच गेलाय, बाबा.' मी काही बोललोच नव्हतो! मग आम्ही बराच वेळ टीव्हीकडे बघत बसलो. टीव्ही बंद होता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज शून्य. मागच्या बुधवारी शून्य. मधल्या रविवारी शून्य. बाकीच्या दिवशी दोन.

गाडी बुधवारी आणि रविवारी गळत नाही. मी हे शुद्धीवर राहून लिहितोय.

दुपारभर डोकं खाजवलं. रोजची फेरी तीच, वेग तोच, उभी करायची जागा तीच — चाकांपाशी खडूच्या खुणा केल्यात. मंगळवारी आणि शनिवारी असं काय घडतं की दुसऱ्या दिवशी आकडा सुधारतो? काहीच नाही. मी दहा ते बारा वाचनालयात असतो, तेवढंच. म्हणजे काय, मी घरी नसलो की गाडीला बरं वाटतं?

हिला हा सिद्धान्त हसत हसत सांगितला. ही हसली नाही. 'असेल,' म्हणाली. 'तुम्ही नसलात की घरात बऱ्याच गोष्टी सुरळीत होतात.'

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सापडला! थेंब सापडला!

गुलाबी. कूलंटचाच. पण कुठे — स्वयंपाकघराच्या मागच्या दाराच्या उंबरठ्यावर! वाळून चिकटलेला. गाडीपासून मोजलं: चार मीटर बत्तीस सेंटिमीटर. एवढ्या लांब थेंब उडतो कसा? वारा म्हणावं तर मधे भिंत आहे. ही कपडे वाळत घालत होती, तिला दाखवला. 'मला काय कळतंय बाई गाडीतलं,' म्हणाली आणि ओल्या फडक्यानं पुसूनच टाकला! पुरावा! माझ्या डोळ्यांदेखत!

मग उलगडा झाला. संध्याकाळी टोपण उघडायला मी जे फडकं वापरतो, त्याच्यातून निथळला असणार. तसं वहीत लिहून टाकलं. बत्तीस वर्षांच्या अनुभवाचा हा फायदा — थोडं शांतपणे बघितलं की सगळं कळतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक उद्योग केला. बरा की वाईट, कळत नाही. म्हणजे कळतं.

नोंदी सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. दुपारी तक्त्याचा फोटो काढला, जावईबापूंना मोबाइलवर पाठवला आणि खाली दोन ओळी लिहिल्या. लिहिताना बोटं आपोआप चालली. 'विषय: वाहनातील कूलंटची घट. सोबतच्या तक्त्याचे अवलोकन करून आपला खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा.'

सात दिवसांच्या आत! जावयाला! पाठवून झाल्यावर वाचलं. परत घ्यावं म्हणून चष्मा शोधेपर्यंत दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या.



२१ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयातून आलो तर लेकीचा फोन.

'बाबा, तुम्ही माझ्या नवऱ्याला नोटीस पाठवलीत?'

'नोटीस कसली गं, नुसतं विचारलं—'

'खुलासा सादर करावा! काल तो जेवला नाही. फोन उघडून तेच वाचत बसला होता. तो तुमच्या बाजारातला दुकानदार आहे का?'

मी म्हटलं, 'अगं, पण आकडे बघ ना.'

हे बोलायला नको होतं. एवढं वय झालं, कुठे काय बोलू नये हे मला नेहमी बोलल्यानंतर अर्ध्या सेकंदानं कळतं.

'आकडेच बघा तुम्ही,' म्हणाली. 'आम्ही उद्या येत नाही.' फोन ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू बोलली. दीड वर्ष यायची बंद झाली होती, त्या आधीही अशीच हळू बोलली होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

घट शून्य. ही चौघांचा स्वयंपाक करून बसली होती. 'येतील हो,' म्हणत दोन वाजवले. मला भीती वाटतेय. लिहून ठेवतो — मला भीती वाटतेय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चोरासारखा दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. मोठ्या रस्त्यापलीकडे, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही असं वाटतं तिथे. विचार असा केला: दुसऱ्या मेकॅनिकनं काम वाईट आहे असं सांगितलं, तर निदान मी वेडा नाही हे कळेल. चांगलं आहे म्हणाला तर वेडा आहे हे कळेल. काहीतरी एक कळू दे.

तिथले मिस्त्री माझ्याच वयाचे, दाढी पांढरी, तोंडात लवंग. मी हकिगत सांगितली. जावयाचं नाव काढलं नाही, 'एका माणसानं केलंय' म्हटलं. 'एक माणूस' म्हणताना वाईट वाटलं.

इंजिन गार होऊ दिलं, मग त्यांनी टाकीवर हातपंप लावला. आत दाब भरायचा आणि पंपावरचा काटा बघत बसायचं. कुठे गळत असेल तर काटा पडतो. पंधरा मिनिटं दोघं बघत बसलो. काटा ढिम्म. मग निळ्या पाण्याची एक नळी टाकीच्या तोंडावर धरली. गॅस्केट फुटलं असेल तर ते पाणी पिवळं पडतं म्हणे. निळंच राहिलं. बोल्टांवरून, जोडांवरून बोट फिरवत म्हणाले, 'हेडचं काम चोख आहे. कोणी केलंय? हात साफ आहे हो माणसाचा.'

मला रडू येईल असं वाटलं. 'मग जातंय कुठे?'

'तुम्ही बघता कसं?'

सांगितलं. सकाळ, संध्याकाळ, फडकं, फुस्स, पट्टी. लवंग चावायची थांबली.

'गरम असताना टोपण उघडता? रोज?'

'मोजायला.'

'अहो, त्या फुस्समध्येच जातंय की थोडंथोडं! आत दाब असतो, तो सोडला की पाणी वाफ होऊन उडतं. वर पट्टीला लागून जातं, फडक्यात जातं. आणि टाकी पांढरी का केलीय? बाहेरनं दिसावं म्हणून! आठवड्यातनं एकदा, सकाळी, इंजिन गार असताना, हात मागे बांधून बघायचं.' मग मान हलवत म्हणाले, 'तोंड भाजलं नाही हे नशीब समजा.'

काखेत कळसा नि गावाला वळसा! गळती शोधायला निघालेला इन्स्पेक्टर हीच गळती! दुसऱ्याच्या मापातले थेंब मोजून बत्तीस वर्षं पगार घेतला, आणि घरच्या टाकीतले थेंब स्वतः रोज संध्याकाळी फुंकून टाकत होतो. वर जावयाला खुलासा विचारला. सात दिवसांच्या आत.

बुधवार-रविवारचं कोडं त्यांना घातलं नाही. आणखी शोभा नको.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

टोपण उघडलं नाही. हात शिवशिवतायत. पट्टी हिच्या कपाटात ठेवायला दिली. 'किल्ली लपव,' म्हटलं. ही माझ्याकडे बघत राहिली. 'बरं वाटतंय ना?'

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीला फोन केला. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. म्हटलं, 'गळती सापडली. चूक माझी होती. रविवारी या, सगळं सांगतो.' म्हणाली, 'बघते.' तिचं 'बघते' म्हणजे हो असतं. लहानपणापासून.

१ मार्च, रविवार

सकाळी सातला हात मागे बांधून, बाहेरून बघितलं. मागच्या सोमवारी मिस्त्रींनी पेनानं खूण केली होती. बरोबर खुणेवर! गळती खलास.

दोघं आली. ताटं वाढली. मी उभा राहिलो. आमच्याकडे जेवताना कोणी उभं राहत नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटलं मला ठसका लागला.

'मला काही सांगायचंय,' मी म्हटलं.

'बाबा, बसून सांगा ना,' लेक.

नाही बसलो. माणसाला उभं करून कबुली घ्यायची सवय, तेव्हा स्वतःलाही तीच शिक्षा. सगळं सांगितलं — दुसऱ्या गॅरेजमध्ये चोरून गेलो तेसुद्धा. पंप, निळं पाणी, फुस्स. 'ते मिस्त्री म्हणाले, ज्यानं काम केलंय त्याचा हात साफ आहे. जावईबापू, मी तुमच्यावर संशय घेतला. नोटीस पाठवली. चार वर्षांपूर्वी जे बोललो ते तर— तेही चूकच. मला माफ करा.'

भाषण पाठ करून ठेवलं होतं. शेवटचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

लेक आधी हसली. 'बाबा, पट्टी! गरम टाकीत पट्टी!' हसता हसता डोळे पुसायला लागली, मग नुसतीच पुसत राहिली, आणि टेबलावरचा माझा हात घट्ट धरला. लग्नानंतर पहिल्यांदा.

जावईबापू हसले नाहीत. कानापर्यंत लाल झाले. 'बाबा, असं नका बोलू,' एवढंच म्हणाले. ताटातलं अर्धं तसंच राहिलं. माफी मागणाऱ्याकडे बघायलासुद्धा ओशाळतो असा माणूस! आणि ह्याला मी नजर चुकवणारा म्हणत होतो. हिला काय झालं कोणास ठाऊक, पाणी आणायला आत गेली ती पाच मिनिटं बाहेरच आली नाही. भरून आलं असणार.

इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

८ मार्च, रविवार

पातळी खुणेच्या वर. हो, वर! एक मिलिमीटर. कूलंट वाढतंय!

पंधरा दिवसांपूर्वीचा मी असतो तर नवी वही आखली असती. आता शहाणा झालोय. ऊन वाढलंय, उष्णतेनं द्रव फुगतो हे शाळेतलं शास्त्र आहे. अति तेथे माती. सोडून दिलं.

दोघं आली होती. लेक चारला गेलीच नाही, सहापर्यंत बसली. जुने फोटो काढले. जावईबापूंची तब्येत बरी दिसत नाही. मी त्यांना आग्रह करकरून वाढलं. जेवढा आग्रह केला तेवढे ते खाली बघायला लागले. एकदा माझ्या मागे बाहेरच्या खोलीत आले, 'बाबा...' म्हणाले, आणि मी वळलो तर म्हणाले, 'काही नाही. पंखा आवाज करतोय.' पंखा बंद होता. आमच्या घरात हे आता नेहमीचंच झालंय.

११ मार्च, बुधवार

सकाळी आठला जावईबापू फाटकात. एकटेच. हातात एवढीशी प्लास्टिकची पिशवी, आत एक काळी रबरी रिंग.

'बाबा, चूक माझी आहे. तुमची नव्हती.'

इंजिनाच्या पाठीमागून पाण्याचा पाइप जातो, त्याच्या तोंडाला ही रिंग असते. नवीन आलेली अर्ध्या मिलिमीटरनं लहान निघाली. एक तारीख गाठायची होती, म्हणून जुनीच परत बसवली. इंजिन गार असताना गळत नाही. तापलं की कूलंट तिथून झिरपतं आणि तिथल्या तिथे सुकतं. पहिल्याच रविवारी त्यांच्या बोटाला लागलं होतं. योग्य मापाची रिंग मिळेपर्यंत एवढे दिवस गेले. तोवर बाटली हिच्याकडे — मंगळवारी आणि शनिवारी, मी वाचनालयात गेलो की, ही टाकीत अंदाजे थोडंसं ओतायची; मिस्त्रींनी खूण केल्यावर खुणेपर्यंत. ही दारात उभी होती, खाली बघत. लेकीला काहीच माहीत नाही.

'त्याच दिवशी सांगणार होतो. तुमचा तक्ता बघितला आणि धीरच झाला नाही. आणि तुम्ही उभं राहून माफी मागितलीत, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.'

राग यायला हवा होता. आला नाही. बाजारात मला बघून दुकानदार मापं लपवायचे, तेव्हा केवढा रुबाब वाटायचा! आज माझ्याच घरात दोन माणसं महिनाभर एक बाटली लपवत होती. इतकी घाबरली होती मला. कूलंट राहू दे, मला माझीच लाज वाटली.

ते बॉनेटखाली वाकले. पाठीमागे अंधार आहे, काही दिसत नाही. मी आत जाऊन बॅटरी आणली.

म्हटलं, 'तुम्ही काम करा. मी उजेड धरतो.'